पोटावरची सुई: रक्त पातळ करणारं इंजेक्शन घरी घेताना

श्रोतेहो, नमस्कार. सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालं किंवा पायाच्या शिरेत गुठळी सापडली, की पेशंट घरी येताना बरेचदा एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजचा खोका सोबत आणतो. आपण म्हणतो ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन’. खरं तर रक्त पातळ होत नाही, गुठळी धरण्याची क्रिया मंदावते. औषध कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव.

म्हणून आधी आकडा बघा. 40 मिलिग्रॅमच्या सिरिंजमध्ये 0.4 मिलिलिटर औषध असतं, 60 च्या सिरिंजमध्ये 0.6. ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून बहुधा दिवसातून एकदा 40 दिलं जातं. गुठळी झालेलीच असेल तर डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. किडनी नीट काम करत नसेल तर तो कमी करावा लागतो, कारण औषध लघवीवाटे बाहेर पडतं. दुसऱ्याच्या उरलेल्या सिरिंज वापरू नका, त्या अशा हिशोबाने आलेल्या असतात.

आता सुई. हात साबणाने धुवा, आडवे पडा किंवा रेलून बसा. बेंबीपासून निदान 5 सेंटीमीटर लांब, पोटाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला जागा निवडा. आज डावीकडे घेतलं तर पुढचं उजवीकडे. जखमेचा व्रण किंवा काळानिळा डाग असेल ती जागा टाळा.

टोपण सरळ ओढून काढलं की आत हवेचा छोटा बुडबुडा दिसतो. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. इंजेक्शन म्हटलं की हवा काढायची, ही सवय पक्की असते. पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर बुडबुडा काढू नका. तो औषधाच्या मागून येतो आणि शेवटचा थेंब आत ढकलतो. काढायला गेलात तर हवेबरोबर औषधही जातं. हे इंजेक्शन शिरेत नाही, कातडीखालच्या चरबीत जातं, त्यामुळे त्या हवेची भीती नको. सिरिंजमधलं थोडंच औषध घ्यायला सांगितलं असेल, तर जास्तीचं कसं काढायचं हे नर्सकडून आधी शिकून घ्या.

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडीची घडी धरा. सुई सरळ उभी, पूर्ण आत. दांडा सावकाश शेवटपर्यंत दाबा आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडू नका. घडी मध्येच सुटली तर सुई स्नायूपर्यंत पोचू शकते आणि तिथे रक्त साकळतं. नंतर कापसाने हलकं दाबा. चोळायचं मात्र नाही! पोटावर दिसणारे मोठे काळेनिळे डाग पुष्कळदा चोळल्यामुळेच वाढलेले असतात.

वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका, टोपण परत लावायला जाऊ नका. खोका घरातल्या साध्या तापमानात ठेवा, औषध गोठता कामा नये. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला डोस सोडा. दोन डोस एकदम कधीच नाही.

अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काही झालं, तर लगेच हॉस्पिटल गाठा. डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी जा. पाय अचानक सुजला, धाप लागली, छातीत दुखलं तरीही थांबू नका, ती गुठळी असू शकते.

आणि रोजची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाठीच्या मणक्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं झालं, तर लहान डोसनंतर किमान 12 तास आणि मोठ्या डोसनंतर 24 तास थांबावं लागतं. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, शेवटची सुई किती वाजता घेतली?