एकाच थ्रेडवरची शर्यत

पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय ‘बॅकग्राउंड जॉबमधील रेस कंडिशन टाळण्याचे उपाय’ असा छापला आहे. रेस कंडिशन म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या दोन कामांची एकाच माहितीवरून लागलेली शर्यत; कोण आधी पोचते यावर उत्तर बदलते. उपायांकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी एका समजुतीचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘आमचे सारे कोरुटीन एकाच थ्रेडवर चालतात, मग शर्यत लागणार कुणाशी?’ असे अनुभवी प्रोग्रामरही ठामपणे विचारतात. (कोरुटीन म्हणजे मध्येच थांबून पुन्हा तेथूनच पुढे चालणारे फंक्शन; थ्रेड म्हणजे सूचना एकामागून एक पार पाडणारा धागा.) आपल्यापैकी काहींच्या माना होकारार्थी हललेल्या मला दिसल्या; कुणाच्या, ते सांगत नाही.

पायथनच्या असिंकआयओ या लायब्ररीत इव्हेंट लूप, म्हणजे कोरुटीनच्या टास्कना पाळीपाळीने चालवणारे चक्र, एका थ्रेडवर चालतो आणि एखादा टास्क स्वतःहून थांबेपर्यंत दुसऱ्याला संधी मिळत नाही, हे खरेच आहे. पण सामायिक बेरजेत, अवेट करून, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून, मिळालेली संख्या ‘+=’ ने मिळवणारी साधी ओळ पाहा. आधी बेरजेची जुनी किंमत वाचली जाते, मग टास्क थांबतो आणि परत आल्यावर त्या जुन्याच किमतीत भर घालून उत्तर लिहितो; मधल्या काळात दुसऱ्या टास्कने घातलेली भर पुसली जाते. कॉटलिन भाषेत कोरुटीनना थ्रेड वाटून देणाऱ्या डिफॉल्ट डिस्पॅचरमागे तर अनेक थ्रेड असतात, त्यामुळे तेथे एकने वाढवणारे साधे ‘++’ सुद्धा निर्धोक नाही. कोरुटीनवरचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध करणारे मेल्विन कॉनवे यांच्याच नावाचा नियम सांगतो की, संस्थेतील संवादाची घडण तिच्या प्रणालीत उतरते. एकमेकांना न विचारता एकाच नोंदीवर लिहिणारे दोन जॉब दिसले की त्यांच्यामागचे दोन विभागही माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता माझी आवडती तक्रार. एका ॲपमध्ये माहिती जुळवून घेणारे अनेक जॉब एकदम जागे होत. प्रत्येकाला ॲक्सेस टोकन, म्हणजे सर्व्हरकडे दाखवायचा अल्पमुदतीचा परवाना, संपल्याचे दिसे आणि प्रत्येक जण तेच रिफ्रेश टोकन, म्हणजे नवा परवाना मागण्याची चिठ्ठी, सर्व्हरकडे धाडून नवे मागे. सर्व्हर ते रिफ्रेश टोकन एकदाच स्वीकारत असे; दुसऱ्यांदा आले की चोरी झाली असे मानून सगळीच टोकन रद्द करी, आणि वापरणारा काहीही न करता लॉगआउट होई. यावर पहिला तोडगा निघाला तो जॉबच्या सुरुवातीला यादृच्छिक डुलकी घालण्याचा! दोष विरळ झाला, म्हणजे सापडायला अधिकच अवघड झाला. नंतर तपासासाठी लॉगच्या ओळी घातल्या, तर वेळेचे गणित बदलून तो दिसेनासाच झाला आणि विजय साजरा झाला. अखेर म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, आला, पण टोकन संपले आहे का ही तपासणी कुलपाबाहेरच राहिली. त्यामुळे पूर्वी एकदम होणारी चूक आता रांगेने, शिस्तीत होऊ लागली. कुलूप मिळाल्यावर टोकन पुन्हा तपासायला हवे होते, कारण थांबण्याआधी वाचलेली प्रत्येक गोष्ट परत येईपर्यंत शिळी झालेली असू शकते. माझ्या मते याहून सरळ मार्ग म्हणजे चालू असलेली एकच विनंती सामायिक ठेवावी आणि मागून येणाऱ्यांनी तिच्याच उत्तराची वाट पाहावी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा छापील विषय आता धावतच उरकतो. बदलणाऱ्या माहितीचा मालक एकच कोरुटीन ठेवा आणि इतरांनी त्याला चॅनेलमधून, म्हणजे एका रांगेतून, निरोप द्यावेत. हे जमत नसेल तरच म्युटेक्स. कॉटलिनचा म्युटेक्स आणि असिंकआयओचे लॉक ही दोन्ही पुनर्प्रवेश देत नाहीत. कुलूप हातात असताना तेच पुन्हा मागणारे फंक्शन बोलावले, तर जॉब कायमचा अडकतो. रद्दीकरण विसरू नका: सर्व्हरने नवे टोकन दिले आणि ते साठवण्याआधीच जॉब रद्द झाला, तर जुनेही गेले आणि नवेही, म्हणून कॉटलिनमध्ये तेवढा भाग नॉनकॅन्सलेबल, म्हणजे रद्द न होणारा, ठेवावा. वर्कर, म्हणजे जॉब चालवणारे, स्वतंत्र मेमरी असलेल्या वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये असतील, तर मेमरीतल्या कुलपाचा काही उपयोग नाही. तेथे तीच नोंद दोनदा होऊ न देणारे डेटाबेसचे युनिक बंधन किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसमधील, दुसऱ्याने कुलूपबंद केलेल्या ओळी वगळणारे ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ हवे. शिवाय, जॉब वाटणाऱ्या अनेक रांगा-प्रणाली तोच जॉब दोनदा देऊ शकतात, म्हणून प्रत्येक कामाला ओळखक्रमांक द्यावा आणि त्याचा परिणाम व ‘काम झाले’ ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही अशा रीतीने, लिहावी. चाचणीत डुलक्या नकोत. दोन्ही जॉब नेमक्या अवेटवर अडवून ठेवा आणि हव्या त्या क्रमाने सोडा. प्रश्न असतील तर आता विचारावेत.