घर गेलं तरी पटावरचं नाव राहू द्या

(ठाण्यात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यात बेघर मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिल्यांदा तीन हात नाका आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. दुष्काळी मराठवाड्यातून आलेली, सिग्नलला गजरे विकणारी मुलं वर्गापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून २०१६ साली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी उड्डाणपुलाखालीच सिग्नल शाळा सुरू केली. तिथल्या मुलांनी पुढे दहावीची परीक्षाही दिली आणि ती उत्तीर्ण झाली. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आज मात्र मला अशा मुलांबद्दल बोलायचंय, जी आपल्याला बेघर म्हणून दिसतच नाहीत. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यातल्या सी-१ म्हणजे अतिधोकादायक गटात नाव आलं की इमारत रिकामी करावी लागते. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यामुळे इमारती रिकाम्या करू नका असं कुणीच म्हणणार नाही. पण रिकामं केलेलं कुटुंब जातं कुठे? कुणी दिव्याला मामाच्या खोलीत, कुणी अंबरनाथला दूरच्या नातेवाइकांकडे, काही महिन्यांनी तिसरीकडेच. भाडं थकलं म्हणून सामान बाहेर काढलेल्यांचंही हेच होतं. डोक्यावर छप्पर असतं, पण ते दुसऱ्याचं. मुलीची शाळा राहते वागळे इस्टेटला. सहावीतली पोर सकाळच्या गर्दीत दिव्याहून लोकलमध्ये कशी चढणार? आई चार दिवस सोडायला येते, मग तिचं काम सुटायची वेळ येते आणि मुलगी घरी बसते. सलग महिनाभर गैरहजर राहिली की आपल्या सरकारी व्याख्येप्रमाणे ती शाळाबाह्य.

मग आई जवळच्या शाळेत जाते. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते, त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स आणि जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक. टेबलापलीकडून प्रश्न येतात: दाखला कुठाय? आधार? इथला पत्ता? जूनमध्ये का नाही आलात?

यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही. कलम १५ प्रमाणे मुदत संपली म्हणूनही नाही. मध्ये वर्ष-दोन वर्षं गेली असतील तर कलम ४ आहे: वयानुरूप वर्गात बसवा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. आधारचं म्हणाल, तर ते प्रवेशासाठी सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

तरीही मुख्याध्यापक का कचरतात, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायची गरज नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, आधार-वैध पटावर होते. ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते वर्गात बसतं, जेवतं, शिकतं, पण शिक्षकांची पदं ठरवताना ते मोजलं जात नाही. म्हणजे जी शाळा अशा मुलांना सामावून घेते तिचंच पद धोक्यात येतं. हा अन्याय आहे आणि तो शासनानं दूर करायलाच हवा. मुलाला दारातून परत पाठवून तो दूर होणार नाही.

अमेरिकेत १९८७ पासून मॅककिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीनं राहणारं मूलही त्यात बेघरच धरलं जातं. त्याच्या हिताचं असेल तर ते आपल्या जुन्याच शाळेत राहू शकतं आणि जाण्यायेण्याची सोय करणं ही तिथल्या यंत्रणेची जबाबदारी असते. प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांसाठी एक नेमलेली व्यक्ती असते. तिथंही सगळं सुरळीत चालत असेल असं नाही, पण दाद कुणाकडे मागायची हे तरी ठरलेलं आहे.

आपल्याकडे नव्या शाळेचं दार उघडायचा हक्क भक्कम आहे. जुनी शाळा टिकवायचा हक्क फार लंगडा आहे, आणि चौदाव्या वर्षानंतर, नेमकं नववी-दहावीत, तोही आधार सुटतो. घर, शेजार, मैत्रिणी सगळं एका आठवड्यात गेलेल्या मुलीकडे ओळखीच्या बाई तरी उरायला नकोत का? म्हणून माझी मागणी साधी आहे. इमारत रिकामी करण्याची नोटीस निघते त्याच दिवशी तिथल्या शाळकरी मुलांची यादी शिक्षण विभागाकडे गेली पाहिजे. प्रत्येक प्रभाग समितीत या यादीला जबाबदार असा एक माणूस हवा, आणि वर्ष संपेपर्यंत मुलांना बस किंवा लोकलचा पास मिळायला हवा.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? शाळेनं तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच प्रवेश होतो. नाही झाला तर कलम ३२ खाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण तीन महिने म्हणजे मुलाचं एक सत्र. म्हणून तक्रार देतानाच, निर्णय होईपर्यंत मुलाला वर्गात बसू द्यावं, अशी विनंती त्याच अर्जात लिहा.