गाठीची रसद

(दृश्य: कॅथ लॅब, म्हणजे एक्स-रेत बघत धमनीत नळी घालायची खोली. निळ्या चादरीखाली पेशंट, डोळे उघडे.)

पेशंट जागा आहे. फक्त जांघेतली जागा बधिर केलीय. तिथून शेवयीएवढी नळी धमनीत सरकतेय. डॉक्टर हाताकडे बघतच नाहीत, नजर स्क्रीनवर. डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य, सोडला, की करड्या पडद्यावर लिव्हरची धमनी काळ्या फांद्यांसारखी उमटते. एका फांदीच्या टोकाला काळा पुंजका. हीच ती गाठ, लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरची.

कापून का काढत नाहीत? कारण बहुतेकांचं उरलेलं लिव्हरही धड नसतं. हेपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, यांनी वर्षानुवर्षं पोखरून त्याचा सिरोसिस झालेला असतो, म्हणजे ते व्रणांनी भरून कडक झालेलं असतं. तुकडा काढला, तर राहिलेल्याला काम झेपत नाही.

पण लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, बाकीचं धमनीतून. गाठ मात्र जवळपास सगळी धमनीवरच पोसते. म्हणून तिच्या फांदीत केमोचं औषध सोडायचं आणि ती फांदी बुजवून टाकायची. गाठीची रसद तुटते, लिव्हर दुसऱ्या वाटेवर तगतं. याला डॉक्टर ‘टेस’ (TACE, धमनीतून केमो देऊन ती बुजवणं) म्हणतात. पोर्टल व्हेन मोकळी आहे ना, हे आधीच पाहिलेलं असतं.

(दृश्य: पुन्हा डाय. फांदी खुडल्यासारखी, पुंजका दिसत नाही.)

पुढचे काही दिवस ताप, मळमळ, बरगडीखाली दुखणं. घरचे घाबरतात, पण बहुतेकदा हे अपेक्षितच असतं.

याच वाटेनं इट्रियम-९० या किरणोत्सारी द्रव्याचे, केसाहून बारीक मणीही सोडता येतात.

गाठ ३ सेंटिमीटरच्या आत असेल, तर सोनोग्राफीत बघत सुई थेट तिच्यात घालून ती आतून भाजतात. इथे बरं होण्याची गोष्ट बोलता येते. टेसनं बहुधा वेळ मिळतो. काहींचा तेवढ्यात ट्रान्सप्लांटचा नंबर लागतो.

रोग लिव्हरबाहेर गेला, की भिस्त औषधांवर. आता इम्युनोथेरपी आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारी. त्याआधी सोराफेनिबची गोळी. महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे २,८०,००० रुपये! मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला, तो याच गोळीसाठी. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत ठरली जास्तीत जास्त ८,८८० रुपये.