बार्बरा आणि तिचा अर्धा मनोरा

मंडळी, पडद्यावर हे चित्र भिंतीएवढं दिसतंय, म्हणून आधी त्याचं माप सांगतो. मूळ लाकडी फळी साधारण ३१ सेंटिमीटर उंच आणि १८ सेंटिमीटर रुंद आहे. चौकट धरली तरी दोन हातांत सहज मावेल. काढलं यान व्हान आयकनं, १४३७ साली. तो बर्गंडीच्या ड्यूकच्या, फिलिपच्या, पदरी चित्रकार होता आणि ब्रूज शहरात राहायचा. हा मुलूख तेव्हा नेदरलँड्समध्ये मोडायचा, आज तो बेल्जियममध्ये आहे. चित्र सध्या अँटवर्पच्या ललितकला संग्रहालयात आहे.

समोर बसलेली मुलगी म्हणजे संत बार्बरा. तिची कथा थोडक्यात अशी. बाप डायोस्कोरस, श्रीमंत आणि जुन्या देवांचा भक्त. पोरीवर कुणाची नजर पडू नये म्हणून त्यानं तिला मनोऱ्यात कोंडलं. तिनं चोरून ख्रिस्ती धर्म घेतला आणि बाप बाहेरगावी असताना गवंड्यांना दोनाऐवजी तीन खिडक्या करायला लावल्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, अशा तीन. बापाला कळलं. छळ झाला, आणि शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं तिचं डोकं उडवलं. परतताना त्याच्यावर वीज कोसळली. या विजेमुळेच बार्बरा पुढं खाणकामगार, तोफखान्यातले सैनिक, बोगदे खणणारे, अशा स्फोटांशी गाठ असलेल्या सगळ्यांची संरक्षक झाली. इतिहासात तिचा पुरावा सापडत नाही. १९६९ मध्ये रोमन चर्चच्या सर्वसाधारण पंचांगातून तिचा सण वगळला गेला. पण युरोपातल्या खाणींत आणि बोगद्यांवर आजही ४ डिसेंबरला तिचा दिवस पाळतात. कामगारांना पंचांग विचारायला वेळ नसतो.

आता चित्र बघा. बाप नाही, तलवार नाही, वीज नाही. इतर चित्रकार बार्बराच्या शेजारी किंवा हातात छोटासा मनोरा देत, ओळख पटावी एवढ्यापुरता. व्हान आयकनं तोच मनोरा एखाद्या कॅथेड्रलच्या शिखरासारखा तिच्या मागं उभा केला, आणि तोही अर्धवट. वर मजूर आहेत, दगड चढवायचं यंत्र आहे. खाली छपरीत पाथरवट दगड घडवतायत, कुणी दगड वाहून नेतंय. काही नटलेल्या बायका बांधकाम बघायला आल्यात! त्या काळी अशी बांधकामं पिढ्यान्‌पिढ्या चालत. कोलोनच्या कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा तेव्हा अर्धाच होता. पुढं काम बंद पडलं आणि वरचं लाकडी यंत्र तसंच शतकानुशतकं शहरावर उभं राहिलं. तो मनोरा पुरा झाला १८८० मध्ये. व्हान आयकनं नेमका कोलोनचाच मनोरा काढला असं मी म्हणणार नाही, पण बांधकाम त्यानं जवळून पाहिलं होतं हे नक्की. दगडी जाळी कुठं बसते, शिडी कुठं टेकते, हे ऐकीव माहितीवर काढता येत नाही.

बार्बरा मात्र या सगळ्याकडं पाठ करून पुस्तकाची पानं उलटतेय, आणि तिच्या हातात ताडाची फांदी आहे. ताडाची फांदी ही हुतात्म्याची खूण, मेल्यावर मिळणारी. म्हणजे मनोरा अजून बांधून व्हायचाय, ती त्यात कोंडली जायचीय, आणि मरण मात्र होऊन गेलंय. काळाची ही उलटापालट चित्रात एवढी सहज बसलीय की कितीतरी वेळ ती लक्षातच येत नाही.

आता वादाचा मुद्दा. हे पुरं झालेलं रेखाटन, की अर्धं सोडलेलं रंगचित्र? ओकच्या फळीवर खडू आणि सरसाचा पांढरा लेप आहे, म्हणजे तयारी तैलरंगाची. त्यावर धातूच्या टोकानं आणि बारीक कुंचल्यानं काम केलंय. धातूच्या टोकाची रेघ कितीही दाबली तरी पेन्सिलीसारखी गडद होत नाही. सावली हवी तर रेघांशेजारी रेघा ओढत बसायचं. तिच्या झग्याच्या चुण्या बघा, सगळा उठाव त्या रेघांतून आलाय. चौकट मात्र लाल संगमरवरासारखी रंगवून पुरी केलीय, आणि खाली कोरल्याचा आभास देणारी अक्षरं: यान व्हान आयकनं मला बनवलं, १४३७.

अर्धवट मानणारे म्हणतात, चौकट आधी रंगवायची पद्धत असू शकते. बरोबर आहे. पण माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं १४३४ चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र रंगाखालचं रेखाटन दाखवणाऱ्या अवरक्त किरणांत तपासलं, तेव्हा पुढ्यातला तो प्रसिद्ध कुत्रा त्या रेखाटनात नव्हताच. तो थेट रंगातच काढला होता. जो माणूस कुत्रा रेखाटत नाही, तो पुढं रंगाखाली गाडायचे म्हणून मनोऱ्यावरचे मजूर इतक्या निगुतीनं काढेल?

कारेल व्हान मांडर या चित्रकार-लेखकानं १६०४ मध्ये लिहून ठेवलंय की व्हान आयकचं प्राथमिक काम इतरांच्या पुऱ्या चित्रांपेक्षा नेटकं असे. गेंटमध्ये आपले गुरू लुकास द हेरे यांच्याकडं त्यानं स्त्रीचं एक छोटं अपुरं चित्र, मागं निसर्गदृश्य असलेलं, पाहिलं होतं. ते हेच, असं काहीजण मानतात. पुढं ते हार्लेमचे मुद्रक एन्स्खेडे यांच्याकडं होतं. १७६९ मध्ये त्यावरून छापचित्र निघालं. मग ते अँटवर्पचे माजी महापौर फ्लोरां व्हान एर्टबोर्न यांच्याकडं आलं आणि १८४१ मध्ये त्यांच्या मृत्युपत्रानं संग्रहालयात.

राहिलं आभाळ. तिथं फिकट निळा रंग लागलाय, आणि तो कुणाचा यावर एकमत नाही. काही अभ्यासक तो मागाहून चढवलेला मानतात. तसं असेल तर त्या अनोळखी माणसाला मी एका गोष्टीबद्दल दाद देतो: त्यानं मनोऱ्याला हात लावला नाही.