आप्पांची वही आणि गावचं बियाणं

(अमळनेरला एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय 'माणसाचं मत बनतं कसं' असा छापलाय. ज्या गावात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथे या विषयावर बोलायचं म्हणजे मोठी जबाबदारी. मी शेतकऱ्याचा मुलगा, आणि आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून कपाशीपासून सुरुवात करतो, तिथून विषयाकडे येतो.

माझे वडील, आप्पा, चौथी शिकलेले. पण त्यांच्याकडे एक वही होती. अडत्याच्या दुकानात असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी. तिच्यात शेताच्या प्रत्येक तुकड्याचं पान वेगळं. विहिरीजवळची काळी, मधलं शेत, नाल्याकाठचं बरड. कोणत्या साली कोणतं वाण लावलं, लागवड कधी झाली, वेचण्या किती, काट्यावर वजन किती भरलं. पेन सापडला नाही तर शिसपेन्सिलीने, पण नोंद चुकली नाही. 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं त्या कपाशीला, परवानगी मिळाली, ती आमच्याकडे आली, त्यानंतर तर ते जास्तच बारकाईने लिहायला लागले. बाजारात रोज नवं नाव यायचं ना! आणि वही स्पष्ट सांगत होती : नाल्याकाठच्या बरडात लवकर फुटणारं वाण लावलं की एकरी सहा क्विंटलच्या आसपास, उशिरा येणारं लावलं की कपाळाला हात. जमीन हलकी, पाणी धरत नाही. पाऊस लवकर उघडला की मागची बोंडं पोसायची कशी? पाच-सहा वर्षांचा हा आकडा होता, एखाद्या सालचा नाही.

मग एक साल असं आलं, पंधरा-एक वर्षं झाली असतील, की सगळ्या पंचक्रोशीला एकाच वाणाचं वेड लागलं. नाव घेत नाही. उशिरा येणारं, मोठ्या बोंडाचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरीसुद्धा सासरी कुणाकुणाला ते मिळालं याच्याच गोष्टी करत होत्या. पारावर तेच, डेअरीच्या रांगेत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. आणि माझ्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आजही डोक्यातून जात नाही. कोणीही कोणाला 'कसं आहे' असं विचारत नव्हतं. सगळे विचारत होते, 'भेटलं का?'

आप्पा जळगावला पहाटे पाच वाजता रांगेत उभे राहिले. मे महिना, तुम्हाला जळगावचं ऊन सांगायला नको. हातात सातबाऱ्याचा उतारा, डोक्यावर ओला पंचा. एका उताऱ्यावर दोन पाकिटं. अकरा वाजता नंबर आला तेव्हा दुकानदार म्हणाला, पाकिटासोबत हे टॉनिकही घ्यावं लागेल. लिंकिंग! छापील किमतीपेक्षा वर पैसे घेतले, पावती छापील किमतीची दिली. सत्तरीच्या माणसाला बसायला स्टूल नाही, प्यायला पाणी नाही. त्या दिवशीचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी विसरणारही नाही.

येताना एसटीत मी म्हटलं, आप्पा, वही तर वेगळंच सांगते. त्यांनी पाकिटं धोतराच्या सोग्यात नीट गुंडाळली आणि म्हणाले, "गावनासंगे चुकना ते कोणी हासत नही. एकला चुकना ते समदा हासतीन."

हे वाक्य तुम्हाला मराठीत सांगायची गरज नाही. (मध्येच सांगतो : ही आपली अहिराणी. शेजारच्या असोद्याच्या बहिणाबाई त्यांच्या बोलीत गात राहिल्या, 2018 मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. पण घरात पोरगं बोलीत बोललं की आई दटावते, 'नीट बोल'. बोलीने पोराचं मराठी बिघडतं, हे आपल्यापैकी कोणी तपासलं? कोणी नाही. आजूबाजूचे म्हणतात, म्हणून आपण मानतो. यावर वेगळं व्याख्यान होईल.)

त्या साली सप्टेंबरात पाऊस गेला तो गेलाच. बरडात एकरी पावणेतीन क्विंटल. आप्पांनी त्या रात्री आकडा वहीत लिहिला. पुढे काही लिहिलं नाही.

आप्पा अडाणी नव्हते, बेसावधही नव्हते. त्यांची बुद्धी चालूच होती, पण ती दुसरं गणित करत होती. एकट्याचं पीक गेलं तर गाव म्हणतं, याला अक्कल नाही. पुढच्या साली सोसायटीला जामीन मिळत नाही, पोराच्या सोयरिकीत विषय निघतो. सगळ्यांचं गेलं तर पावसाने दगा दिला. म्हणजे ते बियाणं निवडतच नव्हते, सोबत निवडत होते. आणि एकदा सोबत निवडली की कारणं मागून आपोआप येतात. त्याच आप्पांनी आठ दिवसांनी मला त्या वाणाचे पाच गुण सांगितले, आणि मनापासून सांगितले!

हे फक्त खान्देशाचं नाही. ग्लेन डेव्हिस स्टोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आताच्या तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यात कपाशीच्या बियाण्यांची निवड वर्षानुवर्षं नोंदली, 2007 मध्ये निबंध छापला. एका गावात एका वाणाची लाट, शेजारच्या गावात दुसऱ्याची, दोन सालांनी दोन्ही ओसरलेल्या. त्या लाटांमागे शेतातली पारख त्याला सापडली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मूळ विषय तर आत्ता कुठे सुरू होतोय, भरभर सांगतो.

पहिलं. शहाणपण पोचत नाही म्हणून लोक चुकतात, असं आपण समजतो. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन बीटीची पुडी फुकट मिळायची. ती बांधाकडेने लावायची; तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचा संकर होत राहतो, म्हणजे अळीत विषाला दाद न देणारी जात लवकर तयार होत नाही. शहाणपण असं पाकिटात घालून घरोघर दिलं होतं. कितीजणांनी लावली? 'कोणीच लावत नाही' म्हणून बहुतेकांनी लावली नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला, त्याच्या कारणांत ही न लावलेली पुडीही आहे.

दुसरं. ही लाट नेहमी वाईटच असते असंही नाही. अमेरिकेत आयोवातल्या 259 शेतकऱ्यांचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1943 मध्ये मांडला. संकरित मक्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याने दिली, पण पटवलं शेजाऱ्याने. दोघे सोडून सगळ्यांनी तो मका घेतला, आणि तो खरोखर चांगला होता.

आपल्या गावातलं उदाहरण घ्या. साने गुरुजी इथे शाळेत शिकवत होते. विठ्ठलाच्या दारात कोणाला अडवू नये, याची कारणं चोखोबांपासून सांगितलेली होती. दार उघडलं 1947 च्या मे महिन्यात, गुरुजी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषणाला बसले तेव्हा. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले होते. त्याला फॅशन म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण माणसं हलली ती माणसं हललेली पाहून.

आणि शेवटचं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी 1951 च्या सुमारास साधा प्रयोग केला. तीन रेघांतली कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे, ते सांगायचं. आधीच शिकवून ठेवलेले बाकीचे सगळे चूक सांगायचे. उत्तर डोळ्यांना दिसत असूनही बिचाऱ्या एकट्याचं साधारण तीनातलं एक उत्तर चुकीचं यायचं. पण खोलीत बरोबर सांगणारा आणखी एकच माणूस ठेवला, की चुका एकदम कमी व्हायच्या. एकच माणूस!

आप्पांना तो एक माणूस मिळाला नाही. शेजारी मी बसलो होतो, विज्ञानाचा मास्तर, आणि एसटी गावात शिरेपर्यंत पुढे एक शब्द बोललो नाही. पुढच्या हंगामात मात्र मी वही घेऊन शेजारच्या नानांकडे गेलो, बरडाचं पान त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी आपले आकडे आठवून सांगितले. त्या साली दोघांच्या बरडात लवकर येणारं वाण लागलं. आप्पा नानांच्या बांधावर जाऊन ते पाहून आले, मगच आपल्या शेतात सरकी टोबली.

वही मी सोबत आणली आहे. ज्यांच्याकडे हलकी जमीन आहे त्यांनी कार्यक्रमानंतर थांबा. नाल्याकाठचं पान मी खूण घालून ठेवलंय.