जुन्या जीपची किंमत कुणी ठरवायची?

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तालुक्यात कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर बंगल्यामागच्या शेडमध्ये एखादी जुनी जीप उभी असते. कुणाच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली, कुणी साखर कारखान्याकडून उचललेली, तर कुणी वडापच्या धंद्यातून सोडवून आणलेली. गेली काही वर्षं लोक या गाड्यांवर मनापासून खर्च करू लागले आहेत. बॉडी उतरवून चासी साफ करतात, पाटे बदलतात, मूळ रंग शोधून काढतात. पण याच गाडीची विमा पॉलिसी काढून बघा. आयडीव्ही नावाच्या रकान्यात पन्नास हजार, साठ हजार असा काहीतरी आकडा असतो. तो कुठून आला, हे मालकाला विचारलं तर उत्तर मिळत नाही. गेल्या वर्षीच्या पॉलिसीवरून उतरवलेला, त्याच्या आदल्या वर्षी अजून थोडा जास्त असलेला असा तो आकडा. आज मला त्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे.

आयडीव्ही म्हणजे गाडीची विमाधारकाने जाहीर केलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी हीच रक्कम आधाराला धरते. नव्या गाडीचं गणित सोपं आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून ठरलेला घसारा, म्हणजे गाडी जुनी होताना घटणारी किंमत, वजा करायचा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. हे कोष्टक २००२ सालच्या मोटार विम्याच्या दरपत्रकातलं आहे. पुढे २००७ पासून दर खुले झाले, पण पॉलिसीचा साचा बराचसा तोच राहिला.

हे कोष्टक पाच वर्षांवर संपतं, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी, किंवा जिचं उत्पादनच बंद झालंय अशी गाडी, यांच्यासाठी नियम वेगळा आहे. किंमत विमा कंपनी आणि विमाधारक यांनी आपसांत ठरवायची. दरवर्षी आपोआप दहा-पंधरा टक्के कापत जायचं, असं जुन्या जीपच्या बाबतीत कुठेही लिहिलेलं नाही. संगणकावरचा फॉर्म तसं करतो, एजंट ते मान्य करतो आणि हप्ता कमी आला म्हणून आपणही खूश होतो. नियमाने या चर्चेत आपल्याला समोरची खुर्ची दिलेली आहे. आपणच तिच्यावर बसत नाही.

कमी आकड्याने नुकसान फक्त चोरी झाली तरच होतं, असं अनेकांना वाटतं. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. समजा, तुमची जीप बाजारात चार लाखांना सहज जाईल अशी आहे आणि पॉलिसीत तिची किंमत ऐंशी हजार लिहिली आहे. ऐंशी हजारांचे ७५ टक्के म्हणजे साठ हजार. घाटात एखाद्या टेम्पोने समोरून धडक दिली. ग्रिल, रेडिएटर, दोन्ही मडगार्ड आणि पुढचा एक्सल मिळून पासष्ट हजारांचं काम निघालं. एरवी पंधरा दिवसांत उभी राहिली असती अशी जीप कागदावर भंगारात जाते. अवशेष स्वतःकडे ठेवायचे म्हटलं, तर मिळणाऱ्या ऐंशी हजारांतून त्यांची किंमत वजा होते आणि आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, प्रश्न उभा राहतो. किंमत चार लाख लिहिली असती तर ही मर्यादा तीन लाखांवर गेली असती आणि तो अपघात साध्या दुरुस्तीचा दावा ठरला असता.

काही श्रोते म्हणतील, आमची गाडी तर व्हिंटेज आहे, तिला वेगळी सवलत असणार. इथे दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल केला. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. विम्याच्या दरपत्रकातलं व्हिंटेज मात्र निराळं आहे. तिथे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटार लागते. आधी मान्य केलेली रक्कम घसारा न लावता पूर्ण देणारी, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी त्या दरपत्रकाने फक्त अशाच मोटारींना दिली होती. विलिस एमबी जीप कारखान्यातून बाहेर पडू लागली ती १९४१ साली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढलेली जीपसुद्धा या व्याख्येत बसत नाही! ब्रिटन-अमेरिकेत जुन्या गाड्यांना ॲग्रीड व्हॅल्यू सर्रास मिळते. आपल्या जीपवाल्यांना मात्र आयडीव्हीच्या रकान्यावरच भागवावं लागतं. माझ्या मते ही १९४० ची रेघ आता पुढे सरकवायला हवी. तोवर हातात आहे तो रकाना नीट भरू या.

मग किंमत ठरवायची कशी? पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे नेमकी कोणती जीप आहे, हे ओळखणं. आपल्याकडे लोक लो बॉनेट आणि हाय बॉनेट म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. युद्धातली विलिस एमबी आणि फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू या लो बॉनेट. पुढे विलिसचीच सीजे-३बी आली, ती हाय बॉनेट. तिच्यातल्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन-हवा आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावं लागलं. महिंद्रने मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून सुरुवात केली आणि नंतर ही हाय बॉनेट जीप इथेच वर्षानुवर्षं बनवली. त्यानंतर प्यूजो डिझेल इंजिनाच्या एमएम-५४० सारख्या गाड्या आल्या. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाली. या सगळ्यांच्या किमती एकमेकींपासून फार लांब आहेत. आरसीवर नुसतं 'जीप' लिहिलेलं असेल, तर कंपनीचा अधिकारी सगळ्यांना एकच भाव लावणार.

युद्धकाळातली जीप असेल, तर पुरावा गाडीवरच असतो. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उमटवलं होतं. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला, म्हणजे गाडी तपासायला येणाऱ्या माणसाला, या खुणा ठाऊक असतीलच असं नाही, म्हणून त्यांचे जवळून फोटो काढून सोबत जोडा.

दुसरी पायरी, काय मूळ आहे आणि काय बदललंय, हे प्रामाणिकपणे लिहून काढणं. चासीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर तंतोतंत जुळतो का? मूळ पेट्रोल इंजिन आहे, की कधीकाळी डिझेल परवडतं म्हणून मॅटाडोर व्हॅनचं इंजिन बसवलं? बॉडी जुनी आहे, की हरियाणातल्या डबवालीहून नवी बांधून आणलेली? नव्या बॉडीची जीप दिसायला देखणी असते, पण जाणकार गिऱ्हाईक मूळ पत्र्यालाच जास्त पैसे मोजतं. इंजिन बदललं असेल आणि त्याची आरटीओकडे नोंद नसेल, तर किमतीची गोष्ट बाजूलाच राहू द्या, दावाच अडकू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबाबत कडक आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. हे आधी मार्गी लावा.

तिसरी पायरी म्हणजे आकडा. झालेला खर्च म्हणजेच किंमत, असं धरू नका. कुणी सहा लाख घालून उभी केलेली जीप बाजारात चारलाच जाते, आणि हातही न लावलेली, जुन्या रंगाची, मूळ भागांची जीप त्याहून महाग विकली जाते. तुमच्यासारख्याच मॉडेलचे, तशाच अवस्थेतले अलीकडचे तीन-चार व्यवहार शोधा. जाहिरातीतला मागितलेला भाव आणि सौदा प्रत्यक्षात ठरला तो भाव यांत अंतर असतं. जीपवाल्यांच्या ओळखीतून हा दुसरा भाव मिळवायचा प्रयत्न करा. खर्चाची बिलं त्याला आधार म्हणून जोडा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूंचे तारखेसह फोटो ठेवा. आणि मग परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घ्या. थोडे पैसे जातील, पण कंपनीच्या शाखेत टेबलावर ठेवायला त्याहून वजनदार कागद दुसरा नाही.

हे सगळं नूतनीकरणाच्या दिवशी रात्री अकरा वाजता मोबाइलवर होणार नाही. महिनाभर आधी शाखेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एका कंपनीने नकार दिला, तर दुसरीकडे विचारा. किंमत जास्त लिहिली की हप्ताही वाढतो, हे खरं आहे. जुन्या दरपत्रकात दहा वर्षांवरच्या, दीड हजार सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा दर साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर होता. म्हणजे मघाच्या उदाहरणात ऐंशी हजारांऐवजी चार लाख लिहिले तर वर्षाला अकरा हजारांच्या आसपास जादा. आज कंपन्या बऱ्याचदा यात सूट देतात, तीही मागा. तृतीय पक्षाच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्याचा आयडीव्हीशी संबंध नाही, तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जीप शेडमधून बाहेरच निघत नसेल, तर तृतीय पक्षाच्या जोडीला फक्त आग आणि चोरी एवढंच संरक्षण घेण्याचा पर्यायही विचारून बघा.

आयडीव्ही वाढवली म्हणून लहान दाव्यात जास्त पैसे मिळतील, अशी आशा मात्र धरू नका. दहा वर्षांवरच्या गाडीचा धातूचा भाग बदलला, तर त्याच्या किमतीतली निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. रबर, टायर, बॅटरी यांनाही पन्नास टक्केच. काचेला कपात नाही. विंच, जादा दिवे अशी विजेवर चालणारी साधनं पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात, न नोंदवलेल्या विंचची भरपाई मिळत नाही. आणि चिखलातल्या स्पर्धेला, रॅलीला गाडी नेणार असाल, तर आधी कंपनीला सांगून तेवढ्यापुरतं वाढीव संरक्षण घ्या. शर्यती आणि वाहन-क्षमतेच्या चाचण्या नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेल्या असतात.

शेवटचा मुद्दा आजोबांच्या जीपचा. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी आरसीवर आणि पॉलिसीवर त्यांचंच नाव, आणि हप्ता नातू भरतोय, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. विमाधारक वारला, तर पॉलिसी त्या दिवसापासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढीच चालते. तेवढ्यात वारसाने नावावर करून घ्यायची असते. त्यामुळे तुमची जीप अजून दिवंगत माणसाच्या नावावर असेल, तर व्हॅल्युएशन रिपोर्टच्या आधी आरटीओत जा. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि फॉर्म ३१ सोबत न्या. आरसीवर तुमचं नाव चढलं, की मग कंपनीच्या टेबलासमोर किमतीचं बोलायला बसा.

नमस्कार.