खिडकी उघडी आहे का? पीसीमधल्या हवेची गोष्ट

(दृश्य: अकोला. मे महिना, दुपारचे तीन. रिकामा रस्ता. खिडकीला टेकवलेला पत्र्याचा कूलर, ताट्यांवरून पाणी झिरपतंय.)

विदर्भात कूलर म्हटलं की पीसीचा कूलर कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही, येतो तो हा. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि चालू केला की घरभर वाळ्याचा वास. मे मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि नेमकी त्याच महिन्यात लग्नसराई. माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणजे त्याचं वर्षभराचं मोठं काम याच दिवसांत, आणि त्याचा पीसी बंद पडायचा तोही याच दिवसांत.

फोनवर आवाज रडकुंडीला आलेला. "दादा, पुन्हा बंद पळलं पाय. अर्धं रेंडर झालं होतं." रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार होणं.

तीन लग्नं अडकलेली, पार्ट्या रोज फोन करतायत. जिथून मशीन घेतली त्या दुकानदाराने आधी रॅम बदलायला लावली, मग विंडोज नवीन टाकायला लावली, पैसे गेले आणि मशीन होती तशीच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कोणीच कॅबिनेटचं, म्हणजे पीसीच्या डब्याचं, झाकण उघडून हवा कुठून येते आणि कुठे जाते एवढं बघितलं नाही.

(दृश्य: सनमायकाचं जुनं कॉम्प्युटर टेबल. खाली कप्पा, कप्प्यात कॅबिनेट.)

हे टेबल ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे घरोघरी होतं. वर मॉनिटर, सरकत्या फळीवर कीबोर्ड आणि खाली सीपीयूचा कप्पा. आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत काडेपेटीएवढा. कप्पा तीन बाजूंनी बंद, मागे भिंत, आणि भावाने धूळ लागू नये म्हणून खाली जुनी चादर घडी करून घातलेली. काळजीनेच केलेलं होतं सगळं.

आता या डब्यात किती उष्णता तयार होते ते बघा. त्याच्याकडे इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० आहे, तो पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ते १७० वॅट. दोन्ही एकदम कामाला लागले की अडीचशेच्या वर. पूर्वीचा १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, हात लावला की चटका बसायचा, तसे अडीच-तीन बल्ब एका बंद डब्यात तासन्‌तास पेटलेले. पीसी खातो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर न्यायला आपल्याकडे हवेशिवाय दुसरं काही नाही. नळ्यांतून द्रव फिरवणारा लिक्विड कूलर लावला तरी त्याचा रेडिएटर शेवटी हवेनेच थंड होतो.

एक साधा हिशोब सांगतो. अडीचशे वॅट उष्णता असेल आणि डब्यातून मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर वाहत असेल तर ती हवा आत शिरते त्यापेक्षा साधारण ९ डिग्री गरम होऊन बाहेर पडते. हवा निम्मी झाली की हाच आकडा १८. आणि खोलीतच ३६ डिग्री असेल तर सुरुवातच ३६ पासून, पंखा कितीही भारी घ्या, खोलीपेक्षा थंड काही करणार नाही. पुण्यात-मुंबईत चालून जाणारी चूक विदर्भात चालत नाही ती यामुळे.

(दृश्य: कॅबिनेट बाहेर काढलं. उदबत्ती पेटवली. पुढच्या काचेसमोर धूर.)

मामींच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागून घेतली. धूर दिसतो, हवा दिसत नाही, म्हणून.

पीसी चालू केला आणि उदबत्ती पुढच्या बाजूला धरली. पुढे तीन पंखे, रंगीत दिवे, आणि त्यांच्यासमोर आख्खी काच. दिसायला छानच. धूर काचेला लागून सरळ वर गेला, जसा देवासमोर जातो तसा. काचेच्या कडेला करंगळीही जाणार नाही एवढी फट, तिथे उदबत्ती टेकवली तेव्हा कुठे जरासा धूर आत ओढला गेला. म्हणजे तीन पंखे जीव तोडून फिरतायत आणि त्यांना हवाच मिळत नाही.

मग उदबत्ती मागे नेली. मागच्या पंख्याचं काम हवा बाहेर फेकणं, म्हणजे धूर लांब ढकलला जायला पाहिजे. तो सर्रकन आत गेला.

मागचा पंखा उलटा लावलेला होता!

(दृश्य: पंखा जवळून. आधी मोकळी बाजू, मग आडव्या काड्यांची बाजू.)

हे नीट बघून ठेवा. प्रत्येक पंख्याला दोन बाजू. एका बाजूला पाती मोकळी दिसतात, तिकडून हवा ओढली जाते. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या आणि बहुतेक वेळा स्टिकर, तिकडे हवा फेकली जाते. साध्या पंख्याला हे लागू, हल्ली दिसायला सारखे पण उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात, ते घेताना खोका वाचा. काही पंख्यांच्या फ्रेमवर बाण असतो, नसेल तर कागदाचा कपटा धरून बघायचा. भावाच्या पीसीत आतून बघितलं की मागच्या पंख्याचं स्टिकर दिसत होतं, म्हणजे तो भिंतीकडची कोंडलेली गरम हवा आत फेकत होता. आणि त्याच्या बरोबर समोर सीपीयूचा टॉवर कूलर, म्हणजे सीपीयूवर बसवलेला नळ्यांचा आणि पातळ पत्र्यांचा उभा मनोरा, त्याचा पंखा हवा मागे ढकलतोय. दोन पंखे एकमेकांच्या तोंडावर फुंकर मारतायत आणि मधे अडकलाय बिचारा प्रोसेसर.

या टॉवर कूलरची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी थोडा द्रव असतो, बहुतेक वेळा पाणीच, हवा काढून सील केलेलं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ पत्र्यांकडे जाते, तिथे थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या बारीक सच्छिद्र थरातून परत खाली येते. वाफ होताना उष्णता ओढली जाते. माठातलं पाणी असंच गार होतं, ताट्यांमधली हवाही अशीच. खिडकीतल्या कूलरची वाफ घरात निघून जाते, या नळीत तेच पाणी फिरून फिरून कामाला येतं, एवढाच फरक.

तर आम्ही वाकून पंखे तपासत होतो, खोली उबलेली, सगळे घामाघूम, आणि मामी आत आल्या. "खिळकी उघळ ना रे! नुस्तं कूलर लावून काय होते?"

विदर्भातल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं लागतं, नाहीतर दमट हवा खोलीत कोंडते आणि कूलर फिरत असूनही अंगाला चिकचिक होते. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर नवीन हवा आत येणार कुठून? कॅबिनेटचं यापेक्षा वेगळं काही नाही. तिथून पुढे मी भावाला एकही इंग्रजी शब्द वापरून समजावलं नाही, मामींचंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं.

(दृश्य: काम सुरू. स्क्रू ड्रायव्हर, जाळी, ब्रश.)

मागचा पंखा सरळ केला, चार स्क्रूचं काम. पुढची काच क्लिपवर होती, ती ओढून काढली आणि तिच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची मच्छरजाळी कापून लावली. जाळीने हवा थोडी अडते, पण काचेच्या तुलनेत काहीच नाही. नवीन कॅबिनेट घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पुढे जाळीवालंच घ्या, दिवे मागाहून कितीही लावता येतात.

वरती दोन पंखे होते, दोन्ही हवा बाहेर फेकणारे. मागच्या बाजूचा राहू दिला, पुढच्या बाजूचा काढला. कारण पुढून आलेली थंड हवा सीपीयूपर्यंत पोचायच्या आधीच तो तिला वरून बाहेर काढून टाकत होता. गरम हवा वर जाते हे खरं, पण पंखे चालू असताना ती जाते पंखे नेतील तिकडे, म्हणून वरच्या सगळ्या जागा भरल्याच पाहिजेत असं काही नाही. पुढचे तीन आत, मागचा एक आणि वरचा एक बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त राहिली की डब्यातल्या फटींमधून हवा बाहेर ढकलली जाते, धूळ फटींतून न येता फक्त जाळीतून येते आणि जाळीवरच अडकते. अकोला म्हणजे कापसाचा पट्टा, जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या, दिवसांत हवेत कापसाची बारीक पिंजर उडत असते. भावाच्या कूलरच्या पत्र्यांत तिची अक्षरशः गादी झाली होती, ब्रशने सोलून काढली. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, ब्लोअरने भर्रकन फिरवायचं नाही, बेअरिंग खराब होतं.

आणि ती चादर. पॉवर सप्लाय, ज्याला आपण सगळे एसएमपीएस म्हणतो, तो या कॅबिनेटमध्ये तळाला आहे आणि त्याचा पंखा खालून हवा ओढतो. खाली चादर, म्हणजे नाकावर उशी. प्रोसेसर १०० डिग्रीला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. एसएमपीएस मात्र फार तापला की स्वतःला वाचवायला सरळ बंद होतो. माझ्या मते रेंडर मधेच बंद पडायचं ते यामुळे, कारण चादर काढल्यापासून एकदाही तसं झालं नाही.

हवेसाठी मोठ्यांनीही कमी खटपट केलेली नाही बरं. आपण वापरतो ती एटीएक्स मांडणी, म्हणजे डब्यात कोणता भाग कुठे बसायचा त्याचा ठरलेला नकाशा, इंटेलने १९९५ मध्ये आणली. पुढे पेंटियम ४ फार तापायला लागले तेव्हा २००४ च्या सुमारास त्यांनीच बीटीएक्स नावाची नवी मांडणी काढली, सीपीयू पुढच्या पंख्याच्या थेट वाटेवर, हवा सरळ रेषेत. पण कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये इंटेलने ती सोडून दिली. एटीएक्स आजही चालूच आहे.

(दृश्य: संध्याकाळ. कॅबिनेट टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे.)

कॅबिनेट आता कप्प्यात नाही, टेबलावर आहे, खिडकीतल्या कूलरच्या झोतापासून बाजूला. हे मुद्दाम सांगतो कारण बरेच जण उलटं करतात, पीसी तापतो म्हणून कूलरचं तोंड पीसीकडे फिरवतात. पूर्णा नदीचा हा खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी खारं. कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात पांढरे थर चढतात ते बघा. झोताबरोबर उडणारा तुषार तेच क्षार घेऊन मदरबोर्डवर बसला तर बोर्ड गंजायला वेळ लागत नाही. कूलर खोलीसाठी, खोलीतली हवा पीसीसाठी.

रात्री नऊला तेच रेंडर पुन्हा लावलं, खोलीत अजून ३६ डिग्री. आधी प्रोसेसर १०० ला टेकून बसायचा आणि ग्राफिक्स कार्ड ८३ ला. आता ७९ आणि ७१. नवीन पंखा एकही घेतला नाही, उलट एक काढून ठेवला. भाऊ आकड्यांकडे बघत गप्प बसला होता, मग उठला आणि आपण होऊन उदबत्ती घेऊन मागे गेला.

(दृश्य: मागच्या पंख्यासमोर उदबत्ती. धूर आडवा होऊन भिंतीकडे जातो.)

"पाय दादा," तो म्हणाला, "बाहेर जाऊन राह्यलं."

अडकलेल्या तीन लग्नांपैकी पहिलं रात्री पावणेदोनला पूर्ण झालं. मुलीकडच्यांना सकाळी पेन ड्राइव्ह मिळाला.